नाझारे (पोर्तुगाल): कोळ्यांच्या गावात किती दिवस राहावं?

सुपारीची वाडी

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आईला घेऊन पोर्तुगालला जाऊन आले. हाताशी नऊ दिवस होते. त्यात आम्ही पोर्तो गाळलं आणि तीन रात्री नाझारेला राहिलो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "एवढ्याशा गावात तीन दिवस? केलंत काय?" म्हणून हा धागा.

लिस्बनच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर अटलांटिकच्या काठी हे गाव आहे. बसने दोन तासही लागत नाहीत. गावाचे तीन भाग: खाली वाळूला लागून प्राइआ, वर 110 मीटर उंच कड्यावर सीतियु आणि मागच्या टेकडीवर पेदर्नेइरा. वर-खाली करायला 1889 पासून कड्याच्या उतारावरून रुळांवरची गाडी आहे.

बसमधून उतरून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो तर म्हाताऱ्या बायका हातात पाट्या धरून बसलेल्या. "खोली" हा एकच शब्द चार भाषांत. आईने त्यातली एक लांबूनच हेरली. "ही आपल्या थळच्या मावशीसारखी दिसते, हिच्याकडेच जाऊ." गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे आणि कपड्यांच्या फटीतून समुद्र. आजीबाईंना पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं, आईला मराठीशिवाय काही बोलायचं नव्हतं. दोघींचं उत्तम जमलं.

सकाळी किनाऱ्यावर गेलो आणि आई थबकली. वाळूवर लाकडी चौकटी ओळीने मांडलेल्या, चौकटींना जाळी ताणलेली आणि त्यावर पोटातून चिरून पुस्तकासारखे उघडलेले मासे. हजारो. कारापाउ म्हणतात त्याला, बांगड्याचा सडपातळ भाऊ म्हणा. शेजारी सार्डिन आणि आठही पाय पसरून ठेवलेला ऑक्टोपस. सुकवणाऱ्या सगळ्या बायका, साठीच्या पुढच्या. आमच्या घरी चौलला सुकटीचा वास आला की मी लहानपणी नाक धरायचे. इथे तोच वास आला आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "घे, आलं घर."

मग तिने वाकून एक मासा बोटाने दाबला. "अजून एक ऊन पाहिजे." समोरच्या बाईला शब्द कळला नाही, पण दाबलेलं बोट कळलं. तिने एक बोट वर केलं आणि सूर्याकडे दाखवलं. दोघी हसल्या. त्यानंतर तिन्ही सकाळी आई तिथे जाऊन बसली. मी वाळूत चालले, कॉफी प्यायले, झोपले. तीन दिवसांत आम्ही एवढंच केलं, आणि नऊ दिवसांतले हेच तीन आम्हाला पुरले नाहीत.

तर प्रश्न असा: परदेशात मासेमारीच्या गावी तुम्ही किती दिवस काढता? दुपारी उतरून संध्याकाळी परत, की मुक्काम? आणि मुक्काम केलात तर काय केलंत?

लाटेवरचा पाटा

वाचनखूण साठवली. फोटो कुठे आहेत?

घड्याळवाला

छान लिहिलंय, पण मी वेगळं मत मांडतो. आम्ही लिस्बनहून एका दिवसात ओबिदुश, नाझारे आणि फातिमा केलं. नाझारेला अडीच तास मिळाले. वर गेलो, दीपगृहाच्या किल्ल्यापर्यंत चाललो, सार्डिन खाल्ली, निघालो. मुलं सात आणि दहा वर्षांची. वर्षाला दोन आठवडे रजा मिळते आणि तिकिटांना लाखांत पैसे जातात. अशा वेळी एका गावात तीन दिवस बसणं परवडत नाही. पाच जागा बघून आलो तर मुलांना पाच जागा आठवतात. गाव वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, अडीच तासांत ते पुरेसं दिसतं एवढंच.

पेरूची फोड

नाझारे म्हणजे त्या राक्षसी लाटांचंच ना? धाग्यात लाटेचा एक शब्द नाही! मे महिन्यात समुद्र शांत असतो का?

भूगोलमास्तर

पेरूची फोड, मोठ्या लाटांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. आणि त्या गावासमोर नाही, कड्याच्या उत्तरेला, प्राइआ दु नोर्तवर. हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. लांबी दोनशे किलोमीटरहून जास्त, खोली शेवटाकडे 5000 मीटरपर्यंत, आणि तिचं तोंड थेट किनाऱ्याजवळ येऊन थांबतं. समुद्रातली लाट खोल पाण्यात वेगाने जाते आणि उथळ पाण्यात मंदावते. उत्तर अटलांटिकमधल्या वादळातून निघालेल्या लाटेचा एक भाग घळीवरून वेगाने येतो, दुसरा शेजारच्या उथळ तळावरून रेंगाळत येतो. घळीतला भाग वळून उथळावरच्या भागाला गाठतो आणि दोघांची उंची एकावर एक चढते. त्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह उलट दिशेने येऊन लाटेला आणखी उभं करतो. ऑक्टोबर 2020 मध्ये जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉयट्नर ज्या लाटेवर स्वार झाला ती 26.21 मीटर मोजली गेली. साधारण आठ-नऊ मजली इमारत.

गंमत अशी की त्याच कड्याच्या आडोशामुळे दक्षिणेकडची गावासमोरची पुळण बऱ्यापैकी सुरक्षित राहते. एका दीपगृहाच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र.

लाटेवरचा पाटा

मी जानेवारीत गेलो होतो, खास लाटांसाठी. चार दिवस थांबलो आणि पहिले तीन दिवस समुद्र तळ्यासारखा. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या तेव्हा कळलं, आज आहे. किल्ल्याच्या गच्चीवर, त्या लाल दीपगृहाखाली उभं राहिलं की लाट दिसायच्या आधी छातीत जाणवते. ब्राझीलची सर्फर माया गबेइरा 2013 मध्ये तिथे बुडता बुडता वाचली आणि 2020 मध्ये त्याच पाण्यात 22.4 मीटरची लाट घेऊन महिलांमधला विक्रम केला. तिचा बोर्ड किल्ल्यात बाकी सगळ्यांच्या बोर्डांबरोबर बघायला मिळेल म्हणून मी शोधत होतो. बोर्ड एवढे आहेत की दिवस त्यातच गेला.

म्हणून घड्याळवाले, हिवाळ्यात तरी अडीच तासांचा हिशेब चालत नाही. समुद्र तुमच्या बसच्या वेळेला येत नाही :)

सुपारीची वाडी

लाटांबद्दल आजीबाईंनीच मला एक गोष्ट दाखवली. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका तरुणाचा काळा-पांढरा फोटो आहे. त्यांचा भाऊ. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने कळलं ते असं: गावाला बंदर नव्हतं. 1980च्या दशकात झालं. त्याआधी होड्या सरळ वाळूवरून लाटेत ढकलायच्या आणि परत येताना लाट फुटत असतानाच वाळूवर घ्यायच्या. ओढायला बैल लावत. येता येता होडी उलटली की माणसं किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत जात. त्यांचा भाऊ तसाच गेला. किनारा इतका जवळ होता की हाक ऐकू येत होती.

तिथल्या बायका एकावर एक सात परकर नेसतात, हे सगळ्या माहितीपत्रकांत असतं. सात का, याची प्रत्येक घरी वेगळी गोष्ट आहे. आमच्या आजीबाईंच्या मते रात्रभर वाळूत बसून वाट बघताना वरचे डोक्या-खांद्यांवर ओढायचे आणि खालचे पायांभोवती गुंडाळायचे. मी आधी ते परकर दुकानात बाहुल्यांवर बघितले होते. त्या संध्याकाळनंतर वाटेत काळे कपडे घातलेली बाई दिसली की मान खाली जायची.

वेसाव्याची

ताई, तुमची ही शेवटची पोस्ट वाचून डोळे भरले. आमच्या घरातही असा एक फोटो आहे.

मी वेसाव्याची कोळीण. 2019 मध्ये मुलाकडे लंडनला गेले होते तेव्हा तो मला नाझारेला घेऊन गेला. सगळ्यांना लाटा दिसतात, मला बायका दिसल्या. पुरुष पकडून आणणार आणि किनाऱ्याला लागल्यापासून सगळं बाईच्या हातात. निवडणं, चिरणं, खारवणं, सुकवणं, विकणं आणि घरचा पैसा सांभाळणं. आमच्याकडे म्हावरा बंदरावर उतरला की तोच कायदा. आम्ही बोंबील वलांडीवर टांगतो, त्या कारापाउ जाळीवर निजवतात. बोंबलात पाणी फार, त्याला सगळीकडून वारा लागतो. त्यांचा मासा घट्ट आणि तेलकट, म्हणून तो उघडून सपाट घालायचा. मी तिला खुणेने विचारलं, मांजरी? तिने जाळीची दुसरी चौकट वरून झाकून दाखवली. मांजरी तिकडेही त्याच.

तिथे एक दिवसाचं अर्धं ओलं सुकटही मिळतं, निखाऱ्यावर भाजून देतात. ते खाल्ल्याशिवाय येऊ नका.

एक विनंती मात्र. बाई काम करत असताना तोंडासमोर कॅमेरा धरू नका. आधी हसा, काही घ्या, मग विचारा. आमच्या किनाऱ्यावर येणारे पाहुणे असं करतात तेव्हा आम्हाला कसं वाटतं ते मला माहीत आहे.

सुपारीची वाडी

वेसाव्याची, म्हणूनच या धाग्यात फोटो नाहीत. चौकटींचे आहेत, ते रात्री टाकते. आईचा आणि त्या बाईंचा एक आहे, तो त्यांनी स्वतः काढायला लावला. तो घरीच राहील.

लिस्बनचा मुक्काम

सहा वर्षं लिस्बनला आहे, थोडी भर घालतो.

एक, भाषेची. मासे विकायच्या इमारतीला इथे लोटा म्हणतात आणि तिथे जे चालतं ते लेइलाउं. मोठ्याने म्हणून बघा. आपला लिलाव! पाव, चावी, साबण, पगार, बटाटा, बादली हे शब्द सगळ्यांना माहीत असतात, पण लिलावही त्याच जहाजातून उतरला हे मला इथे येऊन कळलं. फरक एवढाच की आपल्याकडे बोली चढत जाते, इथे भाव वरून खाली येतो आणि जो आधी थांबवेल त्याचा मासा. खालच्या किनाऱ्यावरची जुनी लिलावाची इमारत आता सांस्कृतिक केंद्र आहे. खरा लिलाव नव्या बंदरावर, तिथे सहज आत जाता येत नाही.

दोन, पैशांची. हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता "नको" म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. मासा बरेचदा किलोच्या भावाने असतो, त्यामुळे आधी वजन करून घ्या. आमच्या पाहुण्यांनी एका ठिकाणी न विचारता मोठा मासा मागवला आणि बिल बघून जेवणाचा आनंदच गेला.

तीन, हंगाम. सार्डिन जून ते ऑगस्टमध्ये तेलाने भरलेली असते. पण ऑगस्टमध्ये गावात पाय ठेवायला जागा नसते. जूनचा पहिला पंधरवडा साधा.

कोर्लईची वाट

सुपारीची वाडी, तुम्ही चौलच्या आणि तुमच्या आई पोर्तुगीज बोलल्या नाहीत? कोर्लई तर तुमच्या समोर! खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली घराघरात बोलतात. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची बोली. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, बोली राहिली. माझी आजी कोर्लईच्या एका बाईकडून मासे घ्यायची आणि दोघींचे हिशेब या दोन बोलींत चालायचे.

सुपारीची वाडी

अहो, तेच तर! आईला लहानपणी ऐकलेले दोन-चार शब्द दुसऱ्या दिवशी आठवले. तिने मासा दाखवून "पेश" म्हटलं आणि त्या बाई अशा चमकल्या, की शेजारणीला हाक मारून बोलावून घेतलं. आईच्या हातावर तेव्हाच पहिला भाजलेला कारापाउ पडला.

आमटीभात

मी शुद्ध शाकाहारी, बायको मालवणची. तिने हा धागा मला पाठवलाय आणि खाली फक्त "जून" असं लिहिलंय. मी तीन दिवस काय खाऊ?

लिस्बनचा मुक्काम

@आमटीभात: भाज्यांचं सूप प्रत्येक खानावळीत असतं, पण मांसाचा तुकडा नाही ना ते विचारून घ्या. काल्दु व्हेर्द नावाच्या हिरव्या सुपात हमखास सॉसेजची चकती टाकतात. उकडलेले बटाटे, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, पाव, चीज, ऑम्लेट चालत असेल तर ऑम्लेट. अंड्याची गोड पेस्ट्री चालत असेल तर तुमचा प्रश्नच मिटला.

पेरूची फोड

आमटीभात, घरून मेतकूट न्या. बटाटे तिथले, मेतकूट आपलं.

आमटीभात

मेतकूट पिशवीत गेलं. बायको म्हणतेय, वासावरून भांडणार असशील तर खोली कड्यावर घेऊ, वारा भरपूर असतो. मी भांडणार नाही.

भूगोलमास्तर

कड्यावरचं सीतियु खोलीसाठी खरंच विचारात घ्या. संध्याकाळी सगळ्या बस गेल्या की तिथला चौक रिकामा होतो. कड्याच्या अगदी टोकाला आठवणीचं छोटं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चॅपेल, आतून निळ्या टाइलांनी मढवलेलं. 1182 मध्ये दों फुआश नावाचा सरदार धुक्यात हरणामागे घोडा फेकत आला, कडा दिसलाच नाही, त्याने मेरीमातेचा धावा केला आणि घोडा टोकावर थांबला, अशी कथा. सप्टेंबरमध्ये तिची जत्रा भरते. वास्को द गामाही सफरीआधी तिथे नमस्कार करून गेला अशी परंपरा आहे, त्याची आठवण म्हणून शेजारी दगडी खांब उभा केलाय. ज्या सफरीने आपल्या किनाऱ्याचा इतिहास बदलला तिच्या माणसाने सुखरूप येण्यासाठी हात जोडले ती ही जागा, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभा होतो.

रापणकर

माझं मत थोडं तिरकं आहे. मासेमारीचं गाव बघायचं तर नाझारेपेक्षा पेनिश बघा. नाझारेच्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्या आता बघायला ठेवल्यात. पेनिशच्या बंदरात अजून माणसं झोपमोड करून समुद्रावर जातात. तिथल्या बायका लाकडी दांड्यांवर लेस विणतात, आणि तिथली म्हणच आहे की जिथे जाळी तिथे लेस. नवरा जाळं दुरुस्त करतोय आणि बायको लेस विणतेय, दोघांची बोटं सारखीच चालतायत.

सुपारीची वाडी

रापणकर, पेनिश पाहिलं नाही, तेव्हा भांडत नाही. पण तुमचं नाव बघून सांगते. आम्ही होतो त्या शनिवारी नाझारेच्या वाळूत रापण लागली. तिथे शाव्हेगा म्हणतात. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळात फिरून आली आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायला सुरुवात. पाहुण्यांसाठी करतात, हे खरं. पण दोर ओढणारे सत्तरीचे म्हातारे होते, त्यांची पावलं एका ठेक्यात पडत होती आणि ती कोणी पाहुण्यांसाठी शिकवलेली नव्हती. आईने पदर खोचला आणि दोराला हात लावला. कोणी अडवलं नाही. जाळ्यात घमेलंभर मासा आला, आणि घमेलं हा शब्दही त्यांचाच, नाही का?

रापणकर

घमेलं त्यांचंच. आचऱ्याला लहानपणी मी असाच दोराला लागायचो, वाट्याला चार पेडवे यायचे. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

घड्याळवाला

सगळं वाचलं. मुलांना घेऊन फिरताना माझा हिशेब अजूनही तोच राहील, दहा वर्षांचं पोर तिसऱ्या सकाळी कंटाळतं. पण एक कबूल करतो. आम्ही त्या चौकटींच्या शेजारून चालत गेलो होतो आणि मुलीने विचारलं होतं, हे मासे असे का ठेवलेत. बसची वेळ झाली होती म्हणून मी "नंतर सांगतो" म्हटलं. आज तिला वेसाव्याचींची पोस्ट वाचून दाखवली.

वेसाव्याची

तिला घेऊन वेसाव्याला या. मी दाखवते.

निळी छत्री

उशिरा आले धाग्यावर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वडिलांना घेऊन जातेय, ते 74 वर्षांचे, गुडघे दुखतात. आयुष्यभर रत्नागिरीत बंदर खात्यात होते. झेपेल का? आणि शेवटी किती रात्री?

सुपारीची वाडी

निळी छत्री, त्यांच्यासाठीच हे गाव आहे. खालचा किनाऱ्याचा रस्ता सपाट, बसायला बाक ठिकठिकाणी. वर जायला रुळांवरची गाडी, ती चालू आहे ना ते मात्र निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर टॅक्सी. सीतियुच्या चौकापासून किल्ल्यापर्यंतचा उतार परत चढावा लागतो, तो टाळा, कठड्यावरूनही दीपगृह दिसतं. पाणी गार असतं, पाय बुडवण्यापुरतं ठीक. संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटतो, कानटोपी आणि स्वेटर हाताशी ठेवा. खोली घेताना मजला विचारा. जुन्या घरांना लिफ्ट नसते आणि जिने होडीच्या शिडीसारखे उभे.

सोमवार ते गुरुवार असं जा, तीन रात्री. एक दुपार बंदरासाठी ठेवा. होड्या आत येताना त्यांना धक्क्याजवळ बसवा आणि तुम्ही कॉफी आणायला जा. लवकर परत येऊ नका.

निळी छत्री

तीन रात्री धरल्या. तळमजला मिळालाय. बाबांना "बंदर" एवढंच सांगितलंय, तर त्यांनी कपाटातून जुनी दुर्बीण काढून काच पुसायला घेतली आहे.